तुझ्या जहाजाचा शेवटचा परिच्छेद

हनीफ,

शुक्रवारी कार्यक्रम आहे आणि शेवटचा परिच्छेद अजून लिहून झालेला नाही. हे तुला सांगून आता काही उपयोग नाही. पण न जमलेल्या गोष्टी मी इतकी वर्षं तुलाच सांगत आलो, आणि सवय माणसाइतकी पटकन जात नाही.

तू गेलास त्याला अजून आठवडाही झाला नाही. एवढ्यात जो भेटतो तो म्हणतो, "सुटले हो हनीफभाई." आपल्या ऑफिसातले म्हणतात, इथल्या कतारच्या मराठी मंडळातले म्हणतात, मुंतझातल्या तुझ्या इमारतीतले म्हणतात. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भाजी निवडताना. मला या शब्दाचा राग येतो. डायलिसिसच्या खुर्चीत बसूनही जो माणूस एका लाकडी जहाजावरून भांडत होता, त्याला कशातून सुटायचं होतं? पण लोकांना काहीतरी बोलावं लागतं, आणि 'सुटले' हा शब्द तयार कपड्यासारखा आहे. कोणालाही बसतो.

ते जहाज आपल्या गळ्यात पडलं ते मंडळाच्या चिटणीस जोशीबाईंमुळे. वार्षिक कार्यक्रमाचा विषय त्यांनी 'आरमार' असा ठरवला होता. रंगमंचावर पुठ्ठ्याचं जहाज, त्यावर भगवा, आणि त्या जहाजातून फेटा बांधलेले अध्यक्ष उतरून समई लावणार अशी योजना. पुठ्ठ्याच्या जहाजाजवळ दिवा लावू नये एवढंच मी म्हणालो. त्यावर मला निवेदन समितीतून काढून संशोधन समितीत टाकण्यात आलं. त्या समितीत मी एकटाच होतो. मग कोणाला तरी आठवलं की हनीफभाई कोकणातले, त्यात गॅस प्लँटच्या जेट्टीवर आयुष्य काढलेले, म्हणजे समुद्राचे जाणकार. अशी आपली दोघांची समिती झाली आणि तिच्या बैठका मुंतझातल्या त्या करकच्या, म्हणजे कडक दुधाळ चहाच्या, टपरीवर सुरू झाल्या. तिथे चहा गाडीत आणून देतात, त्यामुळे समितीला उठावंही लागत नसे.

पहिल्याच बैठकीत तू सांगितलंस की तुझ्याकडे एक जहाज आहे. खरं जहाज. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं, तीन डोलकाठ्यांचं, दोन मजले भरून तोफा असलेलं लढाऊ जहाज. तुझ्या पणजोबांच्या पणजोबांनी त्याच्या फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकला होता म्हणे.

"ती बांधली तेव्हा," तू सुरू केलंस.

"कोण ती?"

"जहाज."

"ते जहाज, हनीफ. नपुंसकलिंग."

"इंग्रज तिला शी म्हणतो. अरब सफीना म्हणतो, ती पण बाईच. एक तुमच्या मराठीतच बिचारीला ना बाई ना बाप्या."

"तुमच्या मराठीत?"

"बरं, आपल्या. चहा पी, थंड होतोय."

तो वाद तिथे सुरू झाला आणि संपला मात्र नाही. मी 'ते' लिहायचो, तू वाचताना 'ती' वाचायचास. मी व्याकरण काढायचो, तू माझं गाव काढायचास. "नाशकात समुद्र खंय? गोदावरीत कागदाच्या होड्या सोडणारा माणूस तू, मला जहाज शिकवतोस." मी म्हणायचो, कागदाची असली तरी होडी स्त्रीलिंगी आहे, तिला मी ती म्हणतो. तू म्हणायचास, मग मोठी झाल्यावर तिने काय पाप केलं?

जहाज मला आवडलं होतं. हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. मला मिरवणुका आवडत नाहीत आणि त्या जहाजाच्या आयुष्याने सगळ्या मिरवणुकांची फजिती केली होती. मलबारचं लाकूड, पारशी मिस्त्रींचा हात, कोकणातला कापूस ठोकणारा, आणि वर इंग्रजांचं निशाण. जोशीबाईंना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. मग भगवा कुठे लावायचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, परदेशात नोकरी करणाऱ्या माणसासारखं आहे ते, निशाण मालकाचं असतं.

तू मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हतास. परत जाताना गाडीत म्हणालास, "लाकूड आपलं, ठोकणारे आपले. मग ती परक्याची कशी?"

"या हिशेबाने आपण जो प्लँट उभा केला तो रत्नागिरीचा आणि नाशिकचा झाला."

सिग्नल लागला होता. तू समोर बघत म्हणालास, "नाय का?"

त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. सिग्नल सुटला आणि मी विषय बदलला. आता वाटतं, त्या दोन शब्दांत तू जहाजाबद्दल बोलत नव्हतास. तेव्हाही वाटलं होतं. पण आपण दोघं कुठलीही गोष्ट सरळ न बोलता जहाजाच्या आडून बोलायला शिकलो होतो आणि ते बरं चाललं होतं.

लोकांना लढाया हव्या असतात. म्हणून आपण लढाया शोधायला लागलो आणि मिळाली एक. एकच. जहाज समुद्र ओलांडून विलायतेला गेलं, आणि तिथे गेल्यावर त्याच्या डोलकाठ्या उतरवून, डेकवर कौलारू घरासारखं छप्पर घालून, ते कित्येक वर्षं बंदरात नुसतं बांधून ठेवलं. काम नव्हतं. मग एकदा लढाई आली. दुपारी सुरू झाली आणि अंधार पडायच्या आत आटोपली. शत्रूची जहाजं नांगरलेलीच होती. त्यानंतर ते दूरच्या एका महासागरात पाठवलं गेलं, एका ॲडमिरलला घेऊन. हे बंदर, ते बंदर, पाहुणे आले की सलामी, पाहुणे गेले की सलामी. मी संहितेत लिहिलं की या जहाजाच्या तोफांनी शत्रूपेक्षा पाहुण्यांवर जास्त दारू उडवली. जोशीबाई म्हणाल्या हे वाक्य जरा नकारात्मक आहे. तू हसून हसून खोकलास, पण नंतर मला एकट्याला गाठून म्हणालास, "तिची थट्टा पुरे आता."

"एका दुपारची लढाई आणि बाकी सगळी वर्षं समारंभ. थट्टा मी करत नाही, ते जहाजच करतंय."

"माज्या जेट्टीवर आग एकदाच लागली. म्हणून काय बाकीची वर्षं मी झोपा काढल्या?"

हे तू चिडून बोललास. कंपनीने निवृत्तीचं पत्र तुझ्या हातात ठेवलं त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. निरोप समारंभात काचेच्या पेटीत एक छोटंसं सोनेरी गलबत दिलं होतं, खाली तुझं नाव, स्पेलिंग चुकवून. तू ते टीव्हीवर ठेवलं होतंस. मी त्याच्यावर एकही विनोद केला नाही. माझ्यासारख्या माणसाकडून तुला एवढीच भेट मिळणार होती.

पुढे वाफेची जहाजं आली आणि आपल्या जहाजाची लढाई कायमची संपली. मग ते एका खाडीत नांगरून त्याची शाळा केली. पोरांना दोर ओढायला, शीड बांधायला शिकवायचं. तीही संपली तेव्हा सामान ठेवायची वखार. मग ते मोडलं, आणि त्याच्या सागवानाच्या खुर्च्या करून विकल्या. मला हाच शेवट हवा होता. खुर्च्या. सभागृहातले सगळे खुर्च्यांवर बसलेले असतील, पहिल्या रांगेत राखीव नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतील, आणि निवेदक म्हणेल, त्या तोफांच्या जहाजाच्या खुर्च्या झाल्या. खलास. पडदा.

तुला तो शेवट नको होता. आधी तू म्हणालास लढाईवरच थांबू. मी म्हणालो ते खोटं होईल. मग म्हणालास शाळेवर थांबू. मी म्हणालो तेही अर्धंच. मग म्हणालास, थंडीत उत्तरेकडच्या रुवैस बंदरावर जाऊ.

रुवैसला आपण गेलो तेव्हा तुझे पाय सुजायला लागले होते. तू सांगितलं नव्हतंस, पण चप्पल घालून आला होतास, आणि बाहेर पडताना बूट घातल्याशिवाय मी तुला कधी पाहिलं नव्हतं. उत्तरेकडचा तो लांब सरळ रस्ता, दोन्हीकडे सपाट पिवळी जमीन, आणि तू गाडीत खारे शेंगदाणे खात सांगत होतास की लहानपणी खाडीतून मुंबईला जाणारी लाँच सुटायची तेव्हा सगळं गाव धक्क्यावर यायचं, जाणारं कोणी ओळखीचं असो नसो. म्हणूनच तुला 'येतो' म्हणता यायचं नाही. आमच्या घरातून निघताना सगळे मराठी लोक 'येतो' म्हणतात. तू दारात उभा राहून म्हणायचास, "चल, सुटतो." माझी बायको दरवेळी म्हणायची, भावजी, येतो म्हणा हो. तू म्हणायचास, "वहिनी, बोट काय येते म्हणून सुटत नाय."

रुवैसच्या धक्क्यापासून थोडं पुढे, वाळूत ओढून ठेवलेलं एक जुनं लाकडी गलबत होतं. एका कुशीवर कललेलं, रंग गेलेला, खालच्या फळ्या उघड्या. रखवालदार बिहारचा होता. त्याने प्लास्टिकच्या खुर्चीवरून न उठता सांगितलं, "ये खलास है भाई. अगले हफ्ते मशीन आएगा."

तू जाऊन गलबताच्या फळीवर हात ठेवलास. मग वाकून वास घेतलास.

"सागवान का?" मी विचारलं.

"नाक हाय का नाय तुला?"

मला फक्त माशाचा वास येत होता. तू फळ्यांच्या फटीत बोट घालून एक काळं, कडक झालेलं सुताचं भेंडोळं बाहेर काढलंस आणि बराच वेळ बघत राहिलास. मला वाटलं आता पणजोबांचे पणजोबा निघणार. पण तू म्हणालास, "हा म्हणतो खलास. खलास म्हणजे काय, म्हाइत हाय?"

"संपलं. दुकानदार रोज म्हणतो."

"ते दुकानदाराचं खलास. मूळचा अरबी अर्थ सुटका. बांधलेला सुटला, तो खलास. त्यावरनंच खलाशी."

"व्हॉट्सॲपवर आलं वाटतं."

"नाशकातल्या माणसाला समुद्रातलं सांगायचं म्हणजे..." तू वाक्य सोडून दिलंस. ते सुताचं भेंडोळं पुन्हा त्याच फटीत नीट दाबून बसवलंस. पुढच्या आठवड्यात मशीन येणार होतं आणि तू फट बुजवत होतास. परत येताना गाडीत मी त्यावर बोलणार होतो, पण तुला झोप लागली.

घरी आल्यावर मी कोश काढून पाहिला. तुझं बरोबर होतं. हे तुला फोनवर सांगता आलं असतं. पण असा मुद्दा फोनवर वाया घालवू नये, पुढच्या भांडणात तू फार चढलास की बाहेर काढावा, असं मला वाटलं. वाद घालणाऱ्या माणसांना आपल्याकडे पुष्कळ वेळ आहे असं वाटतं. तो मुद्दा माझ्याकडे तसाच आहे, हनीफ. घे. खलास म्हणजे सुटका. तुझं बरोबर होतं.

त्यानंतर डायलिसिस. पहिल्या दिवशी मी आलो तेव्हा तू खुर्चीत मागे रेलून बसला होतास, हाताला नळ्या, आणि मला पाहून म्हणालास, "माजीपण शिडं उतरवली. आता बंदरात बांधून ठेवतील." शेजारच्या खुर्चीत एक कतारी म्हातारे बाबा असायचे, त्यांचा मुलगा दरवेळी थर्मासमधून सगळ्यांना कावा, म्हणजे बिनदुधाची अरबी कॉफी, द्यायचा. तुला पाणी मोजून प्यायचं होतं, म्हणून तू छोटा पेला नुसता हातात धरून वास घ्यायचास आणि म्हणायचास, "शुक्रन, शुक्रन." बाबांना तू जहाजाची गोष्ट तुझ्या मोडक्या अरबीत सांगितली होतीस. त्यांना ती फार आवडली. त्यांच्या आजोबांकडे हिंदुस्तानचं सागवान वापरून बांधलेली मोती काढायची बोट होती. साज, ते म्हणाले. अरबीत साग म्हणजे साज. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू लाकूड कोणाचं या वादाचा निकाल लागला.

शेवटच्या भेटीत तू दमलेला होतास. मी शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. ते मोडलं, त्याच्या खुर्च्या झाल्या, खलास.

"खुर्च्या राहू दे," तू म्हणालास. "त्यावर कोणतरी बसलाच असेल. पण मोडलं म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"दुसरा शब्द काढ. तू लेखक ना."

"हनीफ, जे मोडलं त्याला मोडलंच म्हणतात."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. मी उठलो, सवयीने "येतो" म्हणालो. डोळे न उघडता तू म्हणालास, "सूट लवकर. ट्रॅफिक लागेल."

हे आपलं शेवटचं बोलणं. यात काही मोठा अर्थ भरावा असं मला वाटत नाही. ट्रॅफिक खरोखरच लागला.

तुझं दफन झालं त्या दिवशी तिसऱ्या प्रहरच्या अस्रच्या नमाजानंतर सगळं इतक्या लवकर उरकलं की मला धक्काच बसला. भाषण नाही, हार नाही, अध्यक्ष नाहीत. अनोळखी लोकांनीही खांदा दिला आणि निघून गेले. आयुष्यभर मी ज्या साधेपणाची वकिली केली तो हाच होता, आणि नेमका तुझ्या वेळी मला तो कमी वाटला. तुला दोन तरी सलाम्या आवडल्या असत्या. तुझ्या जावयाने मला पुढे बोलावलं, मी तीन मुठी माती टाकली. तुझं गाव समुद्रापलीकडे राहिलं. जावई म्हणाला, अब्बांनीच सांगितलं होतं, जिथे काम केलं तिथेच ठेवा. मला सिग्नलवरचं तुझं ते "नाय का" आठवलं. आता कोणी विचारलं की ही जागा कोणाची, तर मी तुझ्या बाजूने बोलेन. उशीर झाला, पण बोलेन.

इथवर लिहून ठेवलं होतं, आणि काल सायरा आमच्या अल सद्दच्या घरी आली. निवेदन तूच करणार होतास, आता तुझी मुलगी करणार आहे. जोशीबाईंनी सुचवलं होतं की कार्यक्रमाआधी दोन मिनिटं शांतता पाळावी आणि मग तुझा हार घातलेला फोटो पुठ्ठ्याच्या जहाजावर लावावा. सायरा त्यांना म्हणाली, "काकी, अब्बांना शांतता अजिबात चालायची नाही. आणि आमच्यात फोटोला हार घालत नाहीत." मग संशोधन समितीच्या उरलेल्या सदस्याने वजन वापरलं आणि फोटो टळला. भगवाही टळला, पण फेटा राहिला. सगळंच जिंकता येत नाही.

सायरा इथल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. देवनागरी तिला वाचता येते, पण बोट ठेवून. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने पहिल्यापासून वाचायला घेतलं.

"ती मुंबईच्या गोदीत बांधली गेली..."

"ते," मी म्हणालो. "कागदावर 'ते' आहे."

"सॉरी काका." ती पुन्हा वाचायला लागली. चार ओळींनंतर, "तिच्या डोलकाठ्या..."

"त्याच्या."

तिने कागद खाली ठेवला. "काका, मी ते वाचतेय, पण तोंडात 'ती'च येतं. घरी अब्बा ती म्हणायचे. लहानपणापासून मला वाटायचं की ही अब्बांची कोणीतरी आत्या आहे, मुंबईला असते."

बायको आतून हसली. सायरा कागदाकडे बघत होती. "आणि शेवट नाहीये. अब्बा म्हणाले होते, शेवट काका काढतील."

मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत पाठवतो. ती निघाली. दारात सँडल घालताना, मोबाईलवर गाडी आली का बघत, ती म्हणाली, "चला काकी, सुटते."

बायकोने सवयीने तोंड उघडलं, 'येते म्हण गं' म्हणायला, आणि मिटलं.

मग मी टेबलावर बसलो आणि पहिल्या पानापासून सगळे 'ते' खोडले. बरेच होते. व्याकरण अजूनही माझ्या बाजूने आहे, हे नोंदवून ठेवतो. पण एका माणसाच्या व्याकरणाने ती एकदा बाई झाली, त्या माणसाची मुलगी तिला आत्या समजून वाढली, त्यानंतर तिला पुन्हा 'ते' करणं म्हणजे निवृत्तीचं पत्र देण्यासारखं होतं.

शेवट असा केलाय. मोडल्याचं लपवलेलं नाही, ते मला जमणार नाही. बघ.

'तिच्या सागवानाच्या पुढे खुर्च्या झाल्या. त्यांवर माणसं बसली, जेवली, भांडली. पण ती गोष्ट लाकडाची. तिला ओढून न्यायला बोट आली त्या सकाळी वारा चांगला होता. किनाऱ्यावरच्यांनी दोर सोडले आणि ती सुटली.'

सायराला पाठवलं. तिचा लगेच फोन आला. "काका, सुटली म्हणजे निघाली, का गेली?"

मी म्हणालो, जसं लिहिलंय तसं वाच, आणि त्या शब्दानंतर थोडी थांब. लोकांना जो अर्थ हवा तो लोक घेतील.

पण तू काय म्हणाला असतास ते मला ठरवता येत नाही, हनीफ. तू करकचा कप डॅशबोर्डवर ठेवून दोन्ही अर्थांवर हरकत घेतली असतीस. एवढ्या एका भांडणापुरता तरी तू थांबायला हवा होतास.